दहा महिन्यांचं वर्ष

नव्वद हजारांचं कर्ज मागायला गेलेल्या माणसाला चाळीस हजार मंजूर करून परत पाठवणाऱ्या बाईवर कुणी माया करत नसतं. उत्तरा टिपणीसनंही केली नाही. निदान पहिले दोन महिने तरी नाही.

ती बाई म्हणजे मालू धाकू कोळी. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात राहणारी, पन्नाशीच्या पुढची, काटक. सकाळी दहाच्या सुमारास टिपणीस राहत त्या चाळीपाशी यायची आणि पाटी उतरवून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची. ओरडून मासे विकायची तिची पद्धत नव्हती. कुठल्या घरात कुठल्या तारखेला काय लागतं हे तिला पाठ होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पापलेट किंवा खाडीची कोलंबी, पंधरापर्यंत बोंबील, त्यानंतर सुकट. वीस तारखेच्या पुढे उत्तरा दारातच घुटमळायला लागली, की मालूबाईच वाटा काढून पुढे करायची. "घे गो. पैशे पहिलीला दे." ही उधारी तिनं कधी कागदावर लिहिली नाही आणि कधी विसरलीही नाही.

तिथल्याच एका पतपेढीच्या संचालक मंडळावर ती बसत असे, ही गोष्ट ऐकणाऱ्याला थट्टा वाटायची. पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत ती पतपेढी होती. टेबलावर, रजिस्टरांवर, अध्यक्षांच्या टोपीवर सदा पिठाचा एक हात बसलेला. अध्यक्ष परशुराम नाखवा म्युनिसिपल शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मंडळात बाई असायला हवी असा नियम आला, तेव्हा गुरुजींनी बरीच वर्षं नेमानं बचत भरणाऱ्या मालूबाईंचं नाव घातलं. दाखवू तिथं सही करतील, असा त्यांचा हिशेब होता. सही ती शिकलीच होती, चांगली ठसठशीत. पण पहिल्याच बैठकीत एका गृहस्थाचा कर्जाचा अर्ज निघाला, तेव्हा तिनं विचारलं, "ह्या घरान पैशे कोन ठेवतं? ती बाय कुठं हाय?" गृहस्थ म्हणाले, बायको घरी आहे. "मग तिना घेऊन या," मालूबाई म्हणाली. तेव्हापासून त्या पतपेढीत अर्जदाराबरोबर त्याच्या बायकोलाही मुलाखतीला बोलवायचा रिवाज पडला.

म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या एका रविवारी उत्तरा आणि तिचा नवरा सुधीर, दोघंही त्या पिठाळ खोलीत जाऊन बसले. सुधीर कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्सचा कारकून. पगार हातात तेवीसशे, ओव्हरटाइम धरला तर एकतीसशेपर्यंत. चाळीतली खोली लहान, संडास सामायिक, दोन मुलं मोठी होत चाललेली. माजिवड्याला एका नव्या इमारतीत दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी असं घर एक लाख पासष्ट हजाराला मिळत होतं. फंडातले, उत्तराच्या वडिलांनी दिलेले आणि जोडलेले मिळून पंचाहत्तर हजार होते. वरचे नव्वद हजार पतपेढीनं द्यायचे आणि घर तारण ठेवून घ्यायचं. दहा वर्षं, महिना साडेचौदाशेचा हप्ता. उत्तरा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, हा सगळा हिशेब तिनंच मांडला होता आणि त्यात तिला कुठं खोट दिसत नव्हती. बिल्डरला पाच हजारांचा बयाणाही देऊन झाला होता. गॅलरीत तुळस कुठं आणि कपड्यांची दोरी कुठं, इथपर्यंत घर तिच्या डोक्यात बांधून तयार होतं.

समोर गुरुजींशेजारी मासेवाली मावशी बसलेली पाहून तिला उलट बरंच वाटलं. घरचंच माणूस.

गुरुजींनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "ठीक दिसतंय. मालूबाई, तुम्हाला काही विचारायचं?"

"ह्यो ओव्हरटाइम काय असतो?"

सुधीरनं समजावलं. जास्तीचं काम, जास्तीचा पैसा.

"तो बंद झाला तर?"

"बंद कशाला होईल, मावशी? कंपनीकडे तीन वर्षांच्या ऑर्डरी पडल्यात."

"बरं. आनि तुमची होडी वर कधी असते?"

सुधीरला कळेना. गुरुजी मिशीतल्या मिशीत हसले. मालूबाई म्हणाली, "आमचे घरान पावसात दोन म्हयने होडी वर खेचलेली असते. तेव्हा मासली नाय, पैशे नाय. म्हनून आमचं वरीस दहा म्हयन्यांचं. तुमचं कवऱ्या म्हयन्यांचं?"

"आमची नोकरी आहे, होडी नाही," सुधीर म्हणाला. "बारा महिने पगार येतो."

"आजपावेतो आलाय. पन मी दहाच धरते. गुरुजी, मांडा."

गुरुजींनी मुकाट्यानं कागद ओढला. ओव्हरटाइम सोडून दहा महिन्यांचे तेवीस हजार. घरखर्च उत्तरानं स्वतःच अर्जात लिहिला होता, महिना बाराशे. तो मात्र बाराही महिन्यांचा, म्हणजे चौदा हजार चारशे. उरले आठ हजार सहाशे. महिना सातशेच्या थोडं वर.

"ह्याच्यात बसंल तवरं द्या," मालूबाई म्हणाली.

बसले चाळीस हजार. साडेसहाशेचा हप्ता.

जिना उतरताना सुधीरचे कान लाल झाले होते. "आता कोळणी ठरवणार आपण कुठं राहायचं ते," तो म्हणाला. उत्तरानं त्याला गप्प केलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी जिन्याशी आली तेव्हा तिनं दार लावून घेतलं, आणि पुढचे दोन महिने स्टेशनजवळच्या बाजारातून मासे आणले. मासे बरे नसायचे, पण रागाला ते चालत होते.

इकडे माजिवड्याच्या बिल्डरच्या ऑफिसात विश्राम नावाचा एक माणूस बसू लागला होता. एका फायनान्स कंपनीचा एजंट. गोड बोलायचा. "पतपेढ्यांचं काय घेऊन बसलात साहेब, ते लोक सूप विकत घ्यायला पण कर्ज देत नाहीत. आपण आठ दिवसांत लाखाचं काम करतो." व्याज चोवीस टक्के होतं, आणि तीन हप्ते चुकले तर घराचा ताबा कंपनीकडे जाणार होता. हे कलम बारीक अक्षरात होतं. उत्तरानं ते वाचलं आणि आपले तीन हप्ते कशाला चुकतील असं म्हणून पान उलटलं. सुधीरच्या कारखान्यातल्या आनंदा नावाच्या माणसानं तिथंच, त्याच मजल्यावर घर घेतलंही होतं. सह्या करायला येत्या रविवारी जायचं ठरलं.

त्याच आठवड्यात सुधीरचा वाढदिवस होता. आषाढ चालू, ताजी मासळी नाही. वाढदिवसाला वालाच्या बिरड्यात सोडे हवेत, हा त्याचा लहानपणापासूनचा हट्ट, आणि सुकवलेल्या कोलंबीचे तसे सोडे उभ्या ठाण्यात मालूबाईकडेच मिळत. राग गिळून उत्तरा कोळीवाड्यात गेली. इतक्या वर्षांत ती त्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

बाहेर झावळ्यांनी शाकारलेली होडी. ओट्यावर मालूबाईचा नवरा धाकू जाळं दुरुस्त करत बसलेला. आत गेल्यावर उत्तराला काहीतरी चमत्कारिक वाटलं, आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला. घराचं आढं, ते जुनं सागाचं जाड लाकूड, इकडून निघून सरळ पत्र्याच्या भिंतीत शिरत होतं. भिंतीच्या पलीकडून शिलाईच्या मशीनचा आवाज येत होता.

"पलीकडे शिंपी राहतो," मालूबाई सोडे निवडता निवडता म्हणाली. "त्याचं घर हाय ते."

"भाड्यानं दिलंत?"

"भाड्यानं कसलं. ईकलं."

मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता, हातातलं काम न थांबवता. बारा वर्षांपूर्वी धाकूला इंजिनाची होडी हवी होती. एका पेढीनं घर गहाण ठेवून पैसे दिले. "तिथला कारकून मना बोलला, म्हयन्याला कवरे कमावता? मी सांगतलं. त्यानं बारानं गुनलं आनि लिवलं."

"त्याला माहीत नसेल, पावसाळ्यात बंद असतं ते," उत्तरा म्हणाली.

"त्याना नसंल. मना ठाव होतं ना." मालूबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "तो बारा लिवत होता आनि मी बघत होते. तोंडापर्यंत आयलं व्हतं, बाबा दहाच हाईत. पन दहा बोलले असते तर होडी मिलाली नसती. मी गप रायले. दोन पावसाले उसनवारी करून काढले. तिसऱ्याला नाय जमलं, अर्धं घर ईकलं. तो कारकून वंगाळ नव्हता गो. आकडा माझाच खोटा होता."

ओट्यावरून धाकू म्हणाला, "तेव्हापासून हिना सगल्यांचेच पावसाले दिसतात. जावयाचापन दिसला. त्याना सायकलला पैशे दिले नाय."

"सायकल नाय, राजदूत फटफटी," मालूबाई म्हणाली. "आनि आज कुठं हाय ती राजदूत, विचार त्याना."

उत्तरा सोड्यांची पुडी घेऊन निघाली. वाढदिवसाचं बिरडं झालं, सुधीरनं दोनदा मागून घेतलं. त्या पत्र्याच्या भिंतीबद्दल ती त्याच्याशी काहीच बोलली नाही. काय बोलायचं ते तिलाच नीट ठाऊक नव्हतं.

रविवारी दोघं माजिवड्याला गेले. विश्रामनं थंड पेय मागवलं आणि फॉर्म पुढे ओढला. पटापट भरत गेला. मासिक उत्पन्नाच्या रकान्याशी आला तेव्हा त्यानं विचारलंही नाही. अठ्ठेचाळीसशे लिहिले.

उत्तरानं ते उलट्या बाजूनं वाचलं. सुधीरनंही वाचलं, त्याची नजर खिडकीबाहेर गेली, जिथं तिसऱ्या मजल्याचं काम चाललं होतं.

"इथं तेवीसशे लिहा," उत्तरा म्हणाली.

विश्राम हसला. "वहिनी, तेवीसशेवर लाख कसा बसेल? सगळेच असं लिहितात. पुढच्या वर्षी साहेबांचं प्रमोशन होणारच आहे."

"मग पुढच्या वर्षी लिहू."

"अगं, फॉर्मॅलिटी असते ती," सुधीर हळूच म्हणाला.

"सही माझीही लागते ना? मग माझ्या सहीच्या वर खरा आकडा असू दे."

विश्रामनं पेन टेबलावर ठेवलं. तेवीसशेचा फॉर्म भरायला त्याला रस नव्हता. कुणी कुणावर ओरडलं नाही. थंड पेय तसंच राहिलं.

परत येताना हमरस्त्याच्या कडेनं चालत सुधीर म्हणाला, "मला चारचौघांत खोटं पाडलंस."

"तुला नाही. त्या अठ्ठेचाळीसशेला."

"आयुष्यभर त्या चाळीत राहू या मग."

उत्तरा चालत राहिली. गॅलरी, तुळस, दोरी, सगळं तिच्याच हातानं मोडलं होतं आणि तिला रडू येत होतं. सुधीर पुढे तीन आठवडे कामापुरतंच बोलला. बयाण्याच्या पाच हजारांतले तीन, पाच खेपा घातल्यावर मिळाले. उरलेले दोन गेले ते गेलेच.

शेवटी दोघं पुन्हा गिरणीवरच्या खोलीत गेले. जवळचे पैसे आणि हे चाळीस हजार मिळून डोंबिवली बसत होती, पूर्वेला, एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथल्या पहिल्या इमारतीचे कागद गुरुजींनी वकिलाला दाखवले, तर परवानगी तीन मजल्यांची आणि बिल्डर पाचवा चढवत होता. गुरुजींनी कागद परत केले. दुसरी इमारत पास झाली. दिवाळीच्या आधी टिपणीस डोंबिवलीला राहायला गेले. गॅलरी नव्हती. खिडकीला जाळी होती, तिच्यात उत्तरानं ओव्याचं रोप लावलं.

हप्ता भरायला ती दर महिन्याला ठाण्याला जायची, आणि येताना कोळीवाड्यावरून यायची. राग कधी गेला ते तिला सांगता आलं नसतं. तिनं आणखी एक केलं. आषाढ आणि श्रावणाचा पगार आलाच नाही असं धरून चालायचं. तो सरळ पोस्टात. सुधीर थट्टा करायचा, "आज होडी वर का गं?" पण पासबुक त्यानंच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं.

नव्वद साली ओव्हरटाइम बंद झाला. एक्याण्णवच्या जानेवारीत कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली, टाळेबंदीची. महिनाभरात उघडेल असं सगळे म्हणत होते. सात महिने उघडलं नाही.

त्या सात महिन्यांत उत्तरानं घरात दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घेतल्या. सुधीरनं एका औषधांच्या दुकानात माल लावायचं काम केलं आणि त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. पोस्टातले पैसे महिन्यामहिन्यानं उतरत गेले. एक हप्ता नऊ दिवस उशिरा गेला. मालूबाईनं दंड माफ करायचं नाव काढलं नाही, आणि उत्तरानंही मागितलं नाही. पण त्या दिवशी पतपेढीतून निघताना मालूबाईनं तिच्या पिशवीत सुकटीची पुडी टाकली. "ह्याचे पैशे पहिलीला दे," ती म्हणाली. "कन्च्या पहिलीला, ते मी बोलले नाय."

त्या पुडीतली सुकट निवडताना उत्तराला एकाएकी काहीतरी आठवलं.

"सुधीर, त्या दिवशी मुलाखतीत मावशींनी आपल्या उधारीचं काही सांगितलं नाही."

"कसली उधारी?"

"वीस तारखेनंतरची. मी दर महिन्याला करायचे. बाराशेत घर चालतं असं मी अर्जात लिहिलं होतं. चालत नव्हतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर चाळीस हजारही बसले नसते."

"म्हणजे मी वीस तारखेनंतर उधारीचे बोंबील खात होतो?"

"सुकट. बोंबील पंधरापर्यंतच."

सुधीरही सुकट निवडायला बसला. मग म्हणाला, "आणि मी त्यांना कोळीण म्हटलं होतं. जिन्यात."

"ऐकलं नसेल त्यांनी."

"ऐकलं असेल," सुधीर म्हणाला.

माजिवड्याच्या घराचा हप्ता आनंदाला पाच महिने भरता आला नव्हता. कंपनीनं ताबा घेतला. तो मुलाबाळांना घेऊन खडवलीला एका भाड्याच्या खोलीत गेला. आनंदा सुधीरपेक्षा जास्त कष्टाळू होता, सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. त्याच्या फॉर्मवरही अठ्ठेचाळीसशेच लिहिले होते. सामान हलवायला सुधीर गेला होता. घरी आल्यावर जेवला नाही. खिडकीशी जाऊन उभा राहिला, मग भिंतीला तळहात लावून नुसता उभा राहिला. उत्तरानं ताट झाकून ठेवलं. तिच्या मनात शहाणपणाचा आनंद नव्हता. त्या फॉर्मवर आपण सही करायच्या किती जवळ होतो, याची भीती होती, आणि भीतीच्या खाली एक मोठी, शांत कृतज्ञता.

ऑगस्टमध्ये कारखाना उघडला. हप्ते चालू राहिले. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी शेवटचा हप्ता भरला गेला. गुरुजी तोवर वारले होते. नव्या अध्यक्षांनी घराचा करारनामा कपाटातून काढून दिला. कडांना पीठ लागलेलं होतं. उत्तरानं तो छातीशी धरला आणि मालूबाईला म्हणाली, "मावशी, रविवारी जेवायला यायचं. धाकूमामांनासुद्धा घेऊन."

"येते," मालूबाई म्हणाली. "ज्याच्यावर कर्ज दिलं ते घर संचालकानं बघाचं असतं. मी अजून बघलंच नाय."

ती आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. धाकू दारातल्या खुर्चीवर टेकला. मालूबाई बसली नाही. तिनं आधी स्वयंपाकघराचा नळ सोडून पाहिला. मोरीत डोकावली, "बारकी हाय" म्हणाली. खिडकी उघडून खालचा रस्ता पाहिला, भिंतीवर बोटांनी टकटक केलं, छताचा कोपरा निरखला, ओल आहे का म्हणून. दोन्ही मुलं तोंड दाबून हसत होती. सुधीर मात्र तिच्या मागून, साहेबाच्या मागून फिरावं तसा अदबीनं फिरत होता.

"बरं हाय," शेवटी ती म्हणाली. "देऊन टाकू कर्ज."

सगळे हसले, धाकूसुद्धा. पानं मांडली. उत्तरा वाढू लागली तेव्हा सुधीरनं तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतः मालूबाईच्या पानाशी वाकला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, गेली सात वर्षं. "मावशी," तो म्हणाला, "त्या वेळी जिन्यात मी..."

"भात घाल," मालूबाई म्हणाली. "थोडा. वय झालं आता."

त्यानं घातला. मग तिच्या पाया पडला, हातात भाताचं भांडं तसंच. "हे घर तुमच्यामुळे आहे," तो म्हणाला.

"माझ्यामुले कसं? मी पन्नास हजार नाय दिले, तवरंच केलं. हप्ते तुम्ही भरले." तिनं उत्तराकडे पाहिलं. "तू बस गो. मालकिणीनं सगल्यांच्या बरोबरीनं जेवाचं असतं."

उत्तरानं आपलं पान मांडलं आणि तिच्या शेजारी, खिडकीखाली, जमिनीवर बसली.